बंदर गेलं, वाड्या राहिल्या

खारघर हे नवं शहर, त्याला इतिहास कुठून असणार, असं आमच्याकडं राहायला आलेली बरीच माणसं म्हणतात. रेल्वे स्टेशन, सेंट्रल पार्क, उत्सव चौक, मेट्रो, सगळं काल-परवाचं दिसतं, त्यामुळं तसं वाटणारच. १९७० साली मुंबईला जोडशहर उभं करायचं ठरलं आणि ठाणे, पनवेल, उरण या तीन तालुक्यांतल्या ९५ गावांच्या जमिनी त्यात आल्या. त्यात आमचीही होती. मी दहावीपर्यंत शिकलो, आणि ज्या शेतात नांगर धरायला शिकलो ते शेत भरावाखाली जाताना उभं राहून बघितलं. आता कर्जत तालुक्यात घेतलेल्या सव्वादोन एकरांवर भात लावतो. राहतो मात्र गावातच, टॉवरांच्या मधल्या जुन्या घरात.

पण आमच्या नावातच ‘खार’ आहे. खार म्हणजे भरतीच्या पाण्याखालची जमीन बांध घालून अडवलेली. चिखलाची ढेपळं हातोहात देऊन बांध रचायचा. पावसाचं पाणी बाहेर सोडायला आणि खाडीचं पाणी आत येऊ न द्यायला त्यात उघाडी बसवायची. मग दोन-तीन पावसाळे जमीन नुसती धुऊ द्यायची. मीठ उतरलं की भात. उधाणाला बांध फुटून खांड गेली की सगळा गाव रात्री कंदील घेऊन बांधावर. एका माणसानं खार होत नाही, गावानं होतो. अशी जमीन करायला किती पिढ्या लागल्या असतील ते कुठं लिहिलेलं नाही. म्हणून म्हणतात, इतिहास नाही.

हे सगळं डोक्यात असतानाच मागच्या फेब्रुवारीत आमच्या भागातल्या ज्येष्ठ नागरिकांची एक दिवसाची सहल निघाली. आक्षी, नागाव, चौल, रेवदंडा आणि वेळ उरला तर कोर्लई. समुद्रकिनारा आणि जुने अवशेष, दोन्ही. बसमध्ये अडतीस माणसं, त्यात आम्ही गाववाले पाच आणि बाकी सोसायट्यांमधले. माहिती सांगायला अलिबागकडचे एक निवृत्त शिक्षक होते. सगळे त्यांना सर म्हणत होते, म्हणून मीही सरच म्हणतो.

पहाटे सहाला निघालो. पळस्पे फाटा, कर्नाळा, पेण, वडखळ. वडखळ सोडलं की मोकळा खारेपाट लागतो. बांध, उघाड्या, भाताची कापलेली खुंटं, जिताड्याची तळी. आमची गावं पन्नास वर्षांपूर्वी अशीच दिसायची. माझ्या शेजारी माझा बालमित्र बसला होता, त्याला आम्ही सगळे दादूस म्हणतो. तो खिडकीला डोकं लावून गप्प बघत होता.

पोयनाडच्या आसपास सर म्हणाले, “याच भागात चरी गाव आहे.” चरीचं नाव शहरी वाचकांनी कदाचित ऐकलं नसेल. खोत पिकाचा मोठा वाटा नेत आणि वर नाना प्रकारची वसुली करत. नारायण नागू पाटलांच्या पुढाकारानं १९३३च्या ऑक्टोबरात चरीला सभा झाली आणि कुळांनी ठरवलं, खोताची जमीन कसायची नाही. पंचवीस गावं त्यात उतरली. संप १९३९ पर्यंत चालला. स्वतः डॉ. बाबासाहेब आंबेडकर चरीला येऊन कुळांच्या मागं उभे राहिले. पुढं कुळांना कायद्यानं जे संरक्षण मिळालं त्याची वाट या पडीक शेतांतून गेली.

“मग थांबूया की तिथं,” मी म्हणालो.

मागच्या सीटवरून एक गृहस्थ म्हणाले, “पण तिथं बघण्यासारखं काय आहे?”

दादूस वळला आणि आमच्या आगरी बोलीत म्हणाला, “सा वरीस नांगर धरला नाय, त्यो कसा बगनार?”

बस हसली. ते गृहस्थही हसले. पण बस थांबली नाही, कारण सहलीच्या कागदावर चरी नव्हतं. किल्ल्याचा बुरूज दाखवता येतो, न नांगरलेलं शेत दाखवता येत नाही. दिवसभर मी जे जे बघितलं ते या वाक्याशी ताडून बघत होतो.

अलिबाग मागं टाकून आक्षीला पोचलो. आधी समुद्रावर गेलो. सुरूची झाडं, स्वच्छ वाळू, ओहोटीला दूरवर गेलेलं पाणी. अर्धा तास सगळ्यांनी फोटो काढले. मग सर आम्हाला शिलालेखाच्या दगडाकडं घेऊन गेले. हा दगड बरीच वर्षं रस्त्याच्या कडेला ऊनपावसात पडून होता. वर चंद्र-सूर्य कोरलेले, खाली झिजलेल्या ओळी. नवख्याला एक अक्षर लागत नाही.

शाळेत आम्ही शिकलो होतो की मराठीतलं पहिलं वाक्य श्रवणबेळगोळला गोमटेश्वराच्या पायाशी आहे. सर म्हणाले, आक्षीच्या दगडावरचा शक ९३४ असा वाचला जातो, म्हणजे इ.स. १०१२. या आकड्यावर अभ्यासकांमध्ये वाद आहे, पण वाचन खरं धरलं तर हा लेख मराठीतला सर्वांत जुना ठरतो. कोकणचा राजा केसीदेवराय, त्याचा महाप्रधान भइर्जु सेणुई. त्यानं लिहून काय ठेवलं? जगात सुख नांदो, अशी सुरुवात. पुढं, देवीच्या बोडणासाठी नऊ कुवली धान्य लावून दिल्याची नोंद. आणि शेवटी महालक्ष्मीची आण.

कुवली म्हणजे धान्याचं माप. कुणी कुणाला जिंकलं, किती हत्ती होते, यातलं काही नाही. देवीच्या कार्याला किती धान्य द्यायचं, एवढंच. माझ्या आजीच्या घरी पायली, शेर, मण असे. मुलीच्या सासरी, सुताराला, देवळाला किती पायली जायचं हे तोंडपाठ असायचं आणि शब्द फिरवला तर देवीची शपथ असायची. दगडावर लिहिलंय ते हेच. आमच्यातल्या एक बाई, बँकेतून निवृत्त झालेल्या, म्हणाल्या, “काका, म्हणजे ही तुमचीच भाषा झाली.” मी म्हणालो, “ताई, तुमचीही. स्टॅम्पपेपरवर तुम्ही आम्ही हेच लिहितो, फक्त महालक्ष्मीच्या ऐवजी नोटरी असतो.”

नागावला एका घरगुती खानावळीत जेवण होतं. सुरमईची कढी, तांदळाची भाकरी, आणि मालकांनी हौसेनं लावलेली पोपटी. वालाच्या शेंगा, भांबुर्ड्याचा पाला, मडकं आणि वर पेटवलेला पेंढा. सोसायटीवाल्यांनी पहिल्यांदाच बघितली. नागावच्या किनाऱ्यावर पाण्यातल्या गाड्यांचा एवढा गोंगाट होता की आम्ही तिथं फार रमलो नाही. रस्त्यावर अलिबागच्या पांढऱ्या कांद्याच्या माळा लागल्या होत्या, त्या मात्र सगळ्यांनी घेतल्या.

तिथून चौल. आज चौल म्हणजे नारळ-पोफळीच्या वाड्या, दाट सावली, अरुंद रस्ता. इथं बंदर होतं हे सांगितल्याशिवाय कळत नाही. सरांनी एका वाडीच्या गडग्याला टेकून जे सांगितलं ते थोडक्यात देतो.

दोन हजार वर्षांपूर्वी ग्रीक भाषेत लिहिलेल्या एका दर्यावर्दी पुस्तकात, पेरिप्लसमध्ये, पश्चिम किनाऱ्यावरच्या बंदरांत सेमिल्ला हे नाव आहे. टॉलेमीच्या भूगोलातही ते येतं. आपल्या बाजूनं बघितलं तर मुंबईजवळच्या कान्हेरी लेण्यांत दान देणाऱ्यांमध्ये चेमुलचे लोक आहेत. सेमिल्ला, चेमुल, पुढं अरबांचं सैमूर आणि आपलं चौल. पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी इथं खोदकाम केलं तेव्हा सातवाहन काळातल्या विटा आणि खापरं मिळाली. त्यांत रोमन व्यापारातून आलेल्या रांजणांचे तुकडेही होते. इ.स. ९१५-१६च्या सुमाराला मसूदी नावाचा बगदादकडचा प्रवासी इथं येऊन गेला. त्यानं लिहून ठेवलंय की सैमूरला दहा हजारांच्या आसपास मुसलमान राहत होते, बाहेरून आलेले आणि इथंच जन्मलेले. १५व्या शतकात अफानासी निकितिन हा रशियन व्यापारी विकायला एक घोडा घेऊन चौलला उतरला. घोड्यांचा व्यापार तेव्हा जोरात होता. रेवदंड्याच्या एका शाळेच्या आवारात त्याचं स्मारक उभं आहे.

मग हे सगळं गेलं कुठं? कुंडलिकेच्या खाडीत गाळ भरत गेला. जहाजं मोठी होत गेली आणि त्यांना खोल पाणी लागू लागलं. १७व्या शतकात इंग्रजांची मुंबई वाढायला लागली, तसे चौलचे रेशीम विणणारे विणकर तिकडं गेले. व्यापारीही गेले. बंदर कुणी एका दिवसात बुडवलं नाही, ते हळूहळू उठून मुंबईला गेलं. म्हणजे बघा, ज्या मुंबईनं पुढं आमची खारं मागितली, तिनं तीनशे वर्षांपूर्वी चौलचे माग मागून घेतले होते.

रामेश्वराच्या देवळात मी जास्त वेळ थांबलो. समोर मोठी पोखरण, पाण्यात उतरणाऱ्या पायऱ्या. आत सभामंडपात जमिनीखाली तीन कुंडं आहेत, पर्जन्यकुंड, वायुकुंड आणि अग्निकुंड. एरवी ती बंद असतात. पाऊस फारच ओढ देऊ लागला की विधी करून पर्जन्यकुंड उघडायचं, अशी तिथली जुनी चाल. सरांनी हे सांगितल्यावर आमच्यातल्या एका निवृत्त इंजिनिअरांनी विचारलं, “आणि मग पाऊस पडायचा?”

सर म्हणाले, “तो प्रश्न मी लोकांना विचारत नाही.”

मला उत्तर आवडलं. पेरणी होऊन वीस दिवस ढग नुसते वरून जातात तेव्हा शेतकऱ्याला काय होतं ते ज्यानं भोगलंय त्याला कुंडाचा अर्थ सांगावा लागत नाही. व्यापारी घोडे आणि रेशीम आणत होते, राजे जकात घेत होते, आणि तेव्हाही याच गावात कुणीतरी आभाळाकडं बघत होतं. त्या माणसाचं नाव पेरिप्लसमध्ये नाही आणि मसूदीतही नाही. पण त्याची काळजी देवळाच्या जमिनीत बांधून ठेवलेली आहे. बंदर गेलं आणि काळजी तशीच राहिली, कारण वाड्या राहिल्या.

रेवदंड्याला पोचेपर्यंत चार वाजले. पोर्तुगीजांचा हा कोट. १५०८ साली चौलच्या खाडीत मोठी लढाई झाली. इजिप्तचं आरमार आणि दीवचा मलिक अयाझ एका बाजूला, पोर्तुगीज दुसऱ्या. पोर्तुगीज व्हाइसरॉयचा मुलगा लोरेन्सो द आल्मेदा त्यात मारला गेला. तरी पोर्तुगीज हटले नाहीत. थोड्याच वर्षांत निजामशहाच्या परवानगीनं त्यांनी इथं कोट उभा केला, आणि १५७०-७१ मध्ये त्याच निजामशाहीनं वेढा घातला तेव्हा तो टिकवलाही. चिमाजी आप्पांनी १७३९ मध्ये वसई घेतली आणि पुढच्या वर्षी तहात रेवदंडा आणि कोर्लई मराठ्यांकडं आले.

आज कोटाचा तट फोडून गाडीरस्ता आत जातो. आत काय आहे? वाड्या. नारळ, पोफळी, मधूनच चर्चच्या छप्पर नसलेल्या भिंती, त्यावर वडाची मुळं. सातखणी म्हणतात तो मनोरा अजून उभा आहे. नावाला सात खण, वरचे केव्हाच पडले. समुद्राच्या बाजूला काळसर वाळूचा किनारा, आणि तटाच्या दगडांवर भरतीचं पाणी आपटतं.

मनोऱ्याजवळच्या एका वाडीत सत्तरीचे एक गृहस्थ पोफळीला पाणी सोडत होते. मी आणि दादूस त्यांच्याशी बोलत उभे राहिलो. शेतकऱ्याला शेतकरी दिसला की ओळख लागत नाही.

“खणताना काही सापडतं का हो, दादा?” मी विचारलं.

“सापडतं की. नारळाचं आळं खणलं की खापरं असतातच. निळी नक्षी असलेली, काचेसारखी गुळगुळीत. माझ्या बापानं एकदा तोफेचा गोळा काढला होता. पोरं खेळायची त्याच्याशी.”

“मग काय करता त्याचं?”

“बाजूला सारतो आणि रोप लावतो. काय करणार?”

दादूसनं मला कोपरानं डिवचलं. “आयकलंस? हितं शेराची वारी जाली. आमच्यात वारीचा शेर जाला.” म्हणजे इथं शहराची वाडी झाली, आमच्याकडं वाडीचं शहर झालं. पुढं तो म्हणाला, “ह्यांना खापरा तरी गावतान. आमच्या भरावाखाली कं गावल?”

मला उत्तर सुचलं नाही. आमच्या खारीखाली खरंच काय सापडेल? बांध चिखलाचा, उघाडी लाकडाची, घर कुडाचं. यातलं काही टिकत नाही. १९८४च्या जानेवारीत दि. बा. पाटलांच्या हाकेवर उरण तालुक्यातले शेतकरी रस्त्यावर उतरले, जासईच्या दास्तान फाट्याजवळ आणि पागोट्याला गोळीबार झाला, पाच जण गेले. साडेबारा टक्के विकसित जमीन प्रकल्पग्रस्तांना परत मिळते, तिच्या मागं ती माणसं आहेत. हुतात्म्यांना अभिवादन होतं, पण ज्या शेतांसाठी ते गेले त्या शेतांची नावं आता त्यांच्या नातवंडांनाही येत नाहीत.

उजेड होता म्हणून साळावचा पूल ओलांडून कोर्लईला गेलो. किल्ला डोंगरावर, चढायला कुणाच्या पायात जीव नव्हता. पण कोर्लईची खरी गोष्ट खाली गावात आहे. इथले ख्रिस्ती लोक घरात जी भाषा बोलतात ती पोर्तुगीज आणि मराठीच्या मिश्रणातून झालेली आहे. तिला ते ‘नौ लिंग’ म्हणतात, म्हणजे आपली बोली. पोर्तुगीज १७४० मध्ये गेले. किल्ला ओस पडला, तोफा गंजल्या, आणि भाषा मात्र पावणेतीनशे वर्षांनंतरही जिवंत आहे. ती बोलणारे जेमतेम हजारभर. अंगणात दोन म्हाताऱ्या एकमेकींशी बोलत बसल्या होत्या. आम्हाला एक शब्द कळत नव्हता, पण सूर ओळखीचा होता, दोन शेजारणींचा असतो तसा.

परतीच्या बसमध्ये अंधारात सरांशेजारी जाऊन बसलो. चरी, नऊ कुवली, पर्जन्यकुंड, कोर्लईची बोली, हे सगळं त्यांना एका दमात बोलून दाखवलं. म्हणालो, “सर, आज दगड बघायला आलो होतो, पण टिकलेलं सगळं दगडाबाहेरचं दिसलं.”

सर म्हणाले, “थोडं थांबा. आक्षीचं धान्य तुम्हाला कळलं, कारण कुणीतरी ते दगडावर लिहिलं. चरीचा संप कळतो, कारण लोकांनी तो लिहून ठेवला. बोलून टिकतं ते बोलणारे असेपर्यंत. तुमच्या खारीचं कुणी लिहिलंय?”

सरांचं म्हणणं रास्त होतं. आपण शेतकरी म्हणतो, इतिहासात आम्हाला जागा नाही. पण आपण आपलं लिहीत नाही हेही खरं आहे. सातबाऱ्यावर शेताच्या स्थानिक नावाला रकाना असतो, पण आपण जमीन ओळखतो ती नंबरानं. आमच्याकडं प्रत्येक तुकड्याला नाव होतं. उघाडीवरचं, खांडीतलं, म्हातारीचं, टेपाचं, दोन बांधांमधलं. नावावरून जमीन कळायची. ‘खांडीतलं’ म्हटलं की तिथं कधीकाळी बांध फुटला होता आणि माती हलकी आहे हे पोरालाही समजायचं. मोठ्या गावांची आणि पाड्यांची नावं निदान मेट्रोच्या पाट्यांवर आली. बेलपाडा, पेठपाडा, पेंधर अशी स्टेशनं आहेत. शेतांची नावं कुठल्याच पाटीवर येणार नाहीत.

सहलीनंतरच्या आठवड्यात मी दोनशे पानी वही आणली. दादूस, त्याची नव्वदीला टेकलेली आई आणि मी, दर रविवारी सकाळी ओटीवर बसतो. म्हातारीला सकाळचं जेवण काय केलं ते आठवत नाही, पण कुठल्या बांधावरून कुणाच्या शेतात जायचं ते ती डोळे मिटून सांगते. आजवर त्रेचाळीस नावं झाली. प्रत्येकापुढं ते शेत कुणाचं होतं, त्यात काय पिकायचं, पाणी कुठून यायचं, आणि आता तिथं काय आहे, असे चार रकाने पाडलेत. चौथ्या रकान्यासाठी बँकेतल्या त्या ताई मदत करतात. त्यांना इमारतींची नावं माहीत, आम्हाला शेतांची. परवा त्यांच्याच सोसायटीची जागा निघाली. ती होती ‘उघाडीवरचं’. लाल राता भात व्हायचा तिथं, आणि उघाडीच्या तोंडाशी जिताडे मिळायचे. ताईंनी ते नाव आपल्या हातानं वहीत लिहिलं आणि खाली सोसायटीच्या नोटीसबोर्डावरही लावलं.

अजून वरच्या अंगाची, डोंगराकडची शेतं राहिली आहेत. म्हातारीचा आवाज सकाळी बरा असतो, म्हणून आम्ही आता रविवारबरोबर बुधवारीही बसतो.